९५ टक्के आले कुठून? एका पुरस्कार-अर्जाचे प्रकरण

अर्जाच्या पहिल्या मसुद्यात एकच वाक्य ठळक केलेले होते : ‘माझी गाळणी वॉशिंग मशीनमधून बाहेर पडणारे ९५ टक्के सूक्ष्मप्लास्टिक रोखते.’ अर्जदार १७ वर्षांची, विज्ञान शाखेची विद्यार्थिनी. किशोरवयीनांसाठीच्या एका आंतरराष्ट्रीय पर्यावरण-नवोपक्रम पुरस्कारासाठी तिला अर्ज करायचा होता. आधी लेखी अर्ज, मग दोन मिनिटांचा व्हिडिओ, मग परीक्षकांसमोर ऑनलाइन मुलाखत, अशा तीन पायऱ्या. तिच्या रसायनशास्त्राच्या सरांनी मसुदा माझ्याकडे वाचायला पाठवला.

एक खुलासा आधीच केलेला बरा. हे प्रकरण कुणा एकाच मुलीचे नाही. असे अर्ज वाचताना आणि दुरुस्त करताना जे प्रश्न सतत समोर येतात, ते एका उपकरणाभोवती गुंफून हे प्रकरण रचले आहे. त्यामुळे तिच्या प्रयोगातले आकडे उदाहरणादाखल समजावेत. संशोधनाचे, कायद्याचे आणि पुरस्कारांचे संदर्भ मात्र खरे आहेत.

उपकरण साधे होते. मशीनचे पाणी ज्या नळीतून मोरीत जाते, त्या नळीला जोडायचे प्लास्टिकचे नळकांडे. त्यात आधी स्टीलची जाडसर जाळी, मग बारीक नायलॉनची जाळी, शेवटी कापडाची पिशवी. पॉलिएस्टर, नायलॉन, अ‍ॅक्रिलिकचे कपडे धुताना त्यांचे बारीक तंतू झडतात. हेच ते सूक्ष्मप्लास्टिक. ते डोळ्यांना सहसा दिसत नाहीत आणि पाण्याबरोबर निघून जातात. ते वाटेत अडवायचे, एवढाच हेतू. कल्पना चांगली, काम हाताने केलेले, खर्च फार नाही. तरीही पहिल्या मसुद्याच्या जोरावर ही मुलगी पुढच्या फेरीत गेली नसती, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही.

अर्जात जग होते, गाळणी नव्हती

अर्जाला ६०० शब्दांची मर्यादा होती. त्यातले निम्म्याहून अधिक शब्द महासागर, कासवे, पुढची पिढी आणि वसुंधरा यांवर खर्च झाले होते. गाळणीच्या वाट्याला चार ओळी आल्या. असे जवळजवळ प्रत्येक तरुण अर्जदाराच्या बाबतीत होते, आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे. प्रश्न जितका मोठा दाखवावा तितके आपले उत्तर मोठे वाटेल, असा हिशेब त्यामागे असतो. परीक्षकांच्या बाजूने पाहिले तर चित्र उलटे दिसते. पर्यावरणाच्या पुरस्काराचे परीक्षक ती कासवे शेकडो अर्जांत भेटून आलेले असतात. अर्जदाराला त्या प्रश्नाचा नेमका कुठला तुकडा हाती लागला आहे, हे त्यांना हवे असते.

तिने एक आकडा दिला होता, तोही सगळे देतात तोच : एका धुण्यात सात लाख तंतू सुटतात. हा आकडा इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या २०१६ च्या अभ्यासातून येतो. पण अभ्यास उघडून पाहिला तर सात लाखांहून अधिक हा अंदाज सहा किलो अ‍ॅक्रिलिक कपड्यांचा आहे. पॉलिएस्टरसाठी तो पाच लाखांच्या आसपास आहे आणि पॉलिएस्टर-सुती मिश्र कापडासाठी १ लाख ३८ हजारांच्या जवळ. एकाच अभ्यासात कापड बदलले की आकडा पाचपट बदलतो! म्हणजे खरा उपयोगाचा धडा सात लाखांत नाही, या फरकात आहे : कुठल्या कापडावर प्रयोग केला ते सांगितल्याशिवाय गाळणीच्या कुठल्याही टक्केवारीला अर्थ नाही. मसुद्यात कापडाचा उल्लेखच नव्हता.

त्याहून घातक वाक्य पुढे होते. ‘जगात असे उपकरण आजवर कोणी बनवलेले नाही.’ अशा गाळण्या बाजारात आहेत. फ्रान्सने २०२० च्या कायद्यात १ जानेवारी २०२५ पासूनच्या नव्या वॉशिंग मशीनना सूक्ष्मतंतूंची गाळणी असावी अशी अट घातली. प्लिमथच्याच संशोधकांनी २०२० मध्ये सहा उपकरणे शेजारी शेजारी तपासली. त्यातले सर्वांत कमजोर २१ टक्के तंतू अडवत होते, सर्वांत चांगले ७८ टक्के. कॅनडात २०१९ मध्ये तपासलेल्या एका बाहेरून जोडायच्या गाळणीने तंतूंच्या संख्येत ८७ टक्के घट दाखवली, तर कपड्यांबरोबर ड्रममध्ये टाकायच्या, तंतू पकडणाऱ्या चेंडूने २६ टक्के. परीक्षकांपैकी एकालाही हे ठाऊक असेल, तर ‘कोणी बनवलेले नाही’ या वाक्यावर तो थांबेल आणि ‘९५ टक्के’ या आकड्याकडे संशयाने पाहू लागेल. प्रयोगशाळांत पारखलेली यंत्रे ७८ आणि ८७ वर असताना घरी बनवलेली गाळणी ९५ वर कशी?

आधी झालेले काम सांगितले तर आपले काम छोटे ठरेल, ही भीती मुलांना असते. मी अशा वेळी फिओन फेरेरा या आयरिश मुलाचे उदाहरण देते. त्याने २०१९ ची गुगल सायन्स फेअर जिंकली. वनस्पती तेल आणि मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजाची पूड यांचे चुंबकीय द्रव बनवून त्याने पाण्यातले सूक्ष्मप्लास्टिक त्यात ओढून घेतले आणि चुंबकाने बाहेर काढले. मूळ धागा त्याचा नव्हता. आर्डेन वॉर्नर या भौतिकशास्त्रज्ञाने समुद्रात सांडलेले तेल चुंबकाने गोळा करण्याची पद्धत मांडली होती, आणि फेरेराने ते ऋण उघडपणे सांगितले. ते सांगितल्यामुळेच त्याची स्वतःची भर कुठे सुरू होते हे स्पष्ट झाले.

आकड्याची चौकशी

‘९५ कसे काढलेस?’ असे विचारल्यावर तिने वही पाठवली. वही नीट ठेवलेली होती, ही जमेची बाजू. एक धुणे झाले होते, त्यात घरातले मिळतील ते सगळे कपडे होते. धुण्याआधी आणि नंतर तिने नायलॉनची जाळी आणि कापडी पिशवी दोन्ही स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली. जाळीत अडकलेला माल भागिले जाळी आणि पिशवी मिळून अडकलेला माल, म्हणजे ९५ टक्के.

या भागाकारात खोट आहे, आणि ती अशा प्रकल्पांत इतक्या वेळा दिसते की जरा सावकाश सांगते. छेदात काय आहे? जाळीत अडकले ते आणि पिशवीत अडकले ते. जे दोन्हींतून निसटून मोरीत गेले, ते छेदात नाहीच. म्हणजे गाळणीने जे पकडले त्याचीच दोन थरांत वाटणी मोजली गेली. गाळणीतून काय सुटले, हा ज्या प्रश्नासाठी गाळणी बनवली तो प्रश्न, मोजलाच गेला नाही. गाळणी कितीही भोकाभोकांची असती तरी या पद्धतीने आकडा नव्वदीत येऊ शकला असता.

बाकीच्या अडचणी त्यामानाने सोप्या. स्वयंपाकघरातला काटा ग्रॅमच्या खालचे दाखवत नव्हता, आणि एका धुण्यातले सुके तंतू ग्रॅमच्या काही दशांशांत असतात. जाळी पुरती वाळली नसेल तर तिने तोलले ते मुख्यतः पाणी. साबणाचा अंश, केस, माती आणि सुती धागे हे सगळे ‘सूक्ष्मप्लास्टिक’ म्हणून मोजले गेले. शिवाय वजन आणि संख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लांब, जाड तंतू वजनाने भारी असतात आणि सहज अडकतात. बारीक तंतू संख्येने भरमसाट असतात, वजनाने नगण्य असतात आणि तेच निसटतात. वजनात ८० टक्के अडवणारी गाळणी संख्येत ५० वर असू शकते.

तिचा पहिला प्रश्न मात्र विज्ञानाचा नव्हता. ‘ताई, पुन्हा मोजलं आणि आकडा खाली आला तर? ७० टक्केवाल्याला बक्षीस कोण देईल?’

मी तिला फेरेराचाच निकाल दाखवला : ८७.६ टक्के, अधिक-उणे १.१. त्या ‘अधिक-उणे १.१’ मध्ये किती वेळा मोजले आणि मोजमाप किती हलले, ही सगळी कहाणी आहे. ९५ च्या मागे अशी कहाणी नसेल तर मुलाखतीतला पहिला प्रश्न तिथेच येणार, आणि मग पुढची सगळी मिनिटे सारवासारवीत जाणार.

नवे मोजमाप ठरवायला सरांची खरी मदत झाली. एकाच प्रकारचे कपडे घेतले : गडद लाल रंगाचे पॉलिएस्टर फ्लीसचे जाकीट आणि त्याच कापडाचे तुकडे. लाल रंग मुद्दाम. सूक्ष्मदर्शकाखाली लाल तंतू लगेच ओळखू येतो आणि हवेतून पडलेला पांढरा सुती धागा त्यात मिसळत नाही. नवे कापड पहिल्या काही धुण्यांत जास्त झडते, म्हणून ते आधी बऱ्याच वेळा धुऊन घेतले. मशीन रिकामे चालवून एक ‘कोरे धुणे’ घेतले, म्हणजे मागच्या कपड्यांचे मशीनमध्ये राहिलेले तंतू किती ते कळावे. मग एकदा गाळणी लावून, एकदा गाळणीशिवाय, अशी आलटून पालटून धुणी केली. प्रत्येक वेळी बाहेर आलेले सगळे पाणी पिंपात धरले, ढवळले, त्यातून ठरावीक नमुना काढून शाळेच्या प्रयोगशाळेत बारीक गाळणकागदातून गाळला. कागद वजन स्थिर होईपर्यंत वाळवून जवळच्या महाविद्यालयातल्या अचूक काट्यावर तोलले. तंतू मोजायचे काम मैत्रिणीला दिले आणि कुठला कागद कुठल्या धुण्याचा हे तिला सांगितले नाही. हे शेवटचे अर्जदार मुलीला स्वतःला सुचले, आणि अर्जातले माझे सर्वांत आवडते वाक्य त्यातूनच आले : ‘मोजणारीला नमुन्यांची ओळख नव्हती, कारण मला माझी गाळणी जिंकावी असे वाटत होते.’

आकडा खाली आला. वजनात साधारण ७०, धुण्यागणिक ५८ ते ७९ च्या दरम्यान हलणारा. संख्येत त्याहून कमी. दोन्ही अर्जात गेले.

गाळणी लावलेल्या घरांत काय झाले

पहिल्या मसुद्यात एक ओळ होती, ‘शेजारच्या तीन घरांत यशस्वी चाचणी’. यशस्वी म्हणजे काय, असे विचारले तेव्हा हळूहळू उलगडा झाला. एका घरात गाळणी व्यवस्थित चालली. दुसऱ्या घरात चार-पाच धुण्यांनंतर जाळी चोंदली, पंपावर ताण आला, मशीनने निचरा होत नसल्याची खूण दाखवून धुणे अर्धवट थांबवले. त्या बाईंनी गाळणी काढून माळ्यावर टाकली. तिसऱ्या घरात गाळणी चालू होती, पण आजी दर आठवड्याला ती काढून नळाखाली खळखळून धूत होत्या. म्हणजे पकडलेला प्रत्येक तंतू त्याच मोरीत परत!

हे तिने अर्जात लिहिले नव्हते, कारण तिला ते अपयश वाटले. मला विचाराल तर संपूर्ण प्रकल्पातला सर्वांत मोलाचा शोध तोच होता. बाजारातल्या चांगल्या गाळण्यांनाही हेच दुखणे आहे. त्या साफ माणसाने करायच्या असतात आणि साफ करायची माणसाची सवय पाण्याने असते. जाळी किती बारीक, यावर जगभर बरेच काम झाले आहे. अडकलेल्या मालाचे घरातला माणूस प्रत्यक्षात काय करतो, या प्रश्नावर एका १७ वर्षांच्या मुलीकडे तीन घरांचा प्रत्यक्ष पुरावा होता, आणि ती तो लपवत होती.

इथून प्रकल्पाची दिशा बदलली. जाळी अधिक बारीक करायचा नाद तिने सोडला; बारीक जाळी लवकर चोंदते, हे दुसऱ्या घराने सांगितलेच होते. त्याऐवजी तीन बदल केले. आतली पिशवी वेगळी केली, जी नळकांड्यातून ओढून काढायची, तिथेच लटकवून वाळवायची आणि मग उलटी करून सुका गोळा कचऱ्यात टाकायचा. पिशवीचे तोंड असे शिवले की ते नळाखाली धरले तर पाणी आत शिरण्याऐवजी कडेने ओघळते. ही युक्ती आजींना बघून सुचलेली. दुसरा बदल सुरक्षेचा : गाळणी चोंदली तर पाणी बाजूच्या वाटेने निघून जावे, मशीन अडू नये. तिसरा, बाजूची वाट उघडली की बाहेरून दिसणारी लाल चकती वर येते, म्हणजे घरच्यांना कळते की आता काही गाळले जात नाही.

त्या बाजूच्या वाटेवर तिची आणि माझी बरीच चर्चा झाली. ती उघडी असताना गाळणीचे काम शून्य. टक्केवारी त्यामुळे अजून घसरते. पण मशीन अडवणारी गाळणी आठवड्याभरात माळ्यावर जाते आणि माळ्यावरच्या गाळणीची टक्केवारीही शून्यच. हा सौदा तिने अर्जात जसाच्या तसा मांडला. सुका गोळा शेवटी कचराभूमीवर किंवा भट्टीत जातो, त्याला तिच्याकडे उत्तर नाही, हेही लिहिले. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रे बरेच तंतू अडवतात, पण ते गाळात उतरतात आणि तो गाळ अनेक ठिकाणी शेतात पसरतो, म्हणून तंतू घरातच सुके काढणे बरे, हा तिचा युक्तिवाद होता. मला तो पटला.

पुरावा म्हणून तिने एक बाहेरचा अभ्यासही जोडला. कॅनडातल्या पॅरी साउंड या गावात ९७ घरांच्या मशीनना गाळण्या बसवल्या गेल्या. शुद्धीकरण केंद्राला जोडलेल्या घरांपैकी ही साधारण दहा टक्के. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मतंतूंत सरासरी ४१ टक्के घट नोंदली होती. थोड्या घरांतल्या गाळण्यांचाही परिणाम शुद्धीकरण केंद्राच्या टोकाला दिसू शकतो, एवढ्याच मर्यादित कारणासाठी तिने तो वापरला. ‘माझ्या गाळणीनेही ४१ टक्के घट होईल’ असे लिहायचा मोह टाळला, हे महत्त्वाचे.

कुठल्या दारावर जायचे

मध्येच तिच्या काकांनी सुचवले की एवढे चांगले काम आहे तर थेट अर्थशॉटला पाठव. अर्थशॉट हा पर्यावरणाचा पुरस्कार २०२० मध्ये सुरू झाला, दरवर्षी पाच विजेत्यांना प्रत्येकी दहा लाख पौंड मिळतात. पण तिथे स्वतःचा अर्ज स्वतः भरता येत नाही, ठरवून दिलेले नामनिर्देशक नावे सुचवतात. गोल्डमन पर्यावरण पुरस्काराचेही तसेच, नावे गोपनीयपणे सुचवली जातात. स्टॉकहोम ज्युनियर वॉटर प्राइझ १५ ते २० वयोगटासाठी आहे आणि पाण्याचा विषय असल्याने तिला लागूही पडत होता, पण त्यात आधी आपल्या देशातली स्पर्धा जिंकावी लागते. स्वीडनच्या चिल्ड्रन्स क्लायमेट प्राइझला वयाची मर्यादा १२ ते १७. अर्थ प्राइझ १३ ते १९ वयाच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. वय कुठल्या तारखेला मोजतात हे प्रत्येक ठिकाणी वेगळे, आणि तिच्यासारख्या काठावरच्या अर्जदाराने ते सर्वांत आधी बघायला हवे. पुष्कळ मुले ते सर्वांत शेवटी बघतात.

एक गंभीर गोष्ट व्हिडिओमुळे समोर आली. पुरस्काराच्या नियमात होते की अंतिम फेरीतले व्हिडिओ सार्वजनिक केले जातील. युरोपच्या पेटंट कायद्यात शोध अर्जाआधी जाहीर झाला की त्याचे नावीन्य सहसा संपते. अमेरिकेत शोधकाला स्वतः शोध जाहीर केल्यापासून एक वर्षाची सवलत मिळते. इतर देशांचे नियम आणखी वेगळे. म्हणजे पेटंट घ्यायचे असेल तर निर्णय व्हिडिओ पाठवण्याआधी व्हायला हवा. तिच्या बाबतीत गाळणी शाळेच्या प्रदर्शनात आधीच मांडून झाली होती, जाळीच्या गाळण्यांवर जुनी पेटंटे ढिगाने आहेत, आणि नवे म्हणावे असे फक्त पिशवीचे तोंड आणि चकती. तिने पेटंटचा विचार सोडला आणि रचना सर्वांना खुली ठेवणार असे अर्जात लिहिले. दुसऱ्या एखाद्या अर्जदारासाठी हा निर्णय चुकीचा ठरू शकतो. पण तो न घेताच व्हिडिओ पाठवून मोकळे होणे सगळ्यांसाठीच चुकीचे.

नवा मसुदा

महासागर एका वाक्यात आटोपला. सुरुवात अशी झाली : ‘वॉशिंग मशीनच्या गाळण्या तंतू पकडतात, पण त्या साफ करताना तेच तंतू अनेकदा पुन्हा मोरीत जातात. मी पाण्याशिवाय रिकामी करता येणारी गाळणी बनवली आहे.’ तिसऱ्या वाक्यात कापड, धुण्यांची संख्या आणि टक्केवारीचा पल्ला. चौथ्यात तीन घरे.

पुरस्काराच्या रकमेचे काय करणार, या रकान्यात आधी ‘जनजागृती’ एवढा एकच शब्द होता. या शब्दाला परीक्षक फारसे भाव देत नाहीत, आणि माझ्या मते बरोबरच करतात. त्या जागी आता आले : वेगवेगळ्या जाडीच्या तंतूंवर प्रयोगशाळेत चाचणी, नळकांड्यासाठी स्टीलचा पर्याय, आणि पुढे-दार व वर-दार अशा दोन्ही प्रकारच्या मशीन असलेल्या जास्त घरांत तीन महिने वापर. प्रत्येक गोष्टीसमोर रक्कम.

सरांचे शिफारसपत्रही बदलले. पहिल्या पत्रात ती हुशार, कष्टाळू, शिस्तप्रिय आणि सर्वांची लाडकी होती. असे पत्र कुणाहीबद्दल लिहिता येते. दुसऱ्या पत्रात सरांनी लिहिले की पिंपातल्या पाण्याचा नमुना ढवळल्यावर किती वेळात काढावा यावरून दोन नमुन्यांत फरक येतो हे तिने कसे पकडले, आणि कुठल्या टप्प्यावर त्यांनी स्वतः मदत केली. मोठ्यांनी केलेली मदत नेमकी लिहून ठेवली की उरलेले काम मुलीचे आहे यावर विश्वास बसतो. नळकांड्याचा सांधा तिच्या भावाने थ्रीडी प्रिंटरवर काढून दिला होता. त्याचाही उल्लेख झाला. अर्ज तिने स्वतःच्या भाषेत लिहून मग इंग्रजी करून घेतला, म्हणून इंग्रजी जरा ओबडधोबड राहिले. मी ते फार घासूनपुसून घेऊ दिले नाही. एकसारखी गुळगुळीत वाक्ये हल्ली परीक्षकांपुढे ढिगाने येतात.

व्हिडिओत पार्श्वसंगीत आणि फिरती पृथ्वी होती. ती गेली. त्याजागी सलग एकाच चित्रणात तिने चोंदलेली गाळणी उघडली, चकती दाखवली, पिशवी काढली, सुका लाल गोळा तळहातावर ठेवला. दोन मिनिटे पुरली.

मुलाखत आणि निकाल

अंतिम फेरीच्या मुलाखतीत ९५ चा विषय निघायचे कारणच उरले नव्हते. तिची तयारी असलेला प्रश्न, चोंदल्यावर काय, तो आला आणि तिने तो छान हाताळला. तयारी नसलेला प्रश्न असा होता : ‘या नळकांड्यात प्लास्टिक किती?’

ती म्हणाली, साधारण २५० ग्रॅम. मग परीक्षकांनी विचारले, तेवढ्या वजनाचे तंतू पकडायला गाळणीला किती धुणी लागतील? तिने हा हिशेब केला नव्हता. तसे तिने सांगितले, आणि तिथेच कागद घेऊन मांडला. एका धुण्यात ग्रॅमचा तिसरा हिस्सा धरला तर ७५० धुणी. आठवड्याला तीन धुणी असतील तर जवळपास पाच वर्षे. नळकांड्याचे प्लास्टिक काही पाण्यात जात नाही, त्यामुळे ही तुलना पूर्ण न्याय्य नाही, हेही तिने जोडले. पण पाच वर्षांआधी नळकांडे तडकले तर पर्यावरणाच्या दृष्टीने हिशेब अवघड होतो, हे तिने मान्य केले. स्टीलचा पर्याय तिने टिकाऊपणासाठी मागितला होता. त्याचे खरे समर्थन तिला मुलाखतीत सापडले.

पहिला पुरस्कार मिळाला नाही. अंतिम फेरीतल्या सर्वांना मिळते ते छोटे अनुदान आणि एका अभियंत्याचे काही महिन्यांचे मार्गदर्शन मिळाले. परीक्षकांच्या अभिप्रायात दोन गोष्टी होत्या : घरगुती वापराचे निरीक्षण उत्तम, उत्पादन मोठ्या प्रमाणावर कसे होणार याचा आराखडा कच्चा. दोन्ही अचूक आहेत असे मला वाटते.

दुसऱ्यांदा अर्ज करावा की नाही यावर घरात मतभेद झाले. वडिलांचे म्हणणे, एकदा प्रयत्न झाला, आता प्रवेश परीक्षेकडे बघ. तिने त्यांना फिलिपिन्सच्या कार्व्ही एरेन मेग या तरुणाबद्दल सांगितले. त्याने टाकाऊ फळे-भाज्यांपासून असा पदार्थ बनवला जो अतिनील किरण शोषून त्यांतून वीज निर्माण करायला मदत करतो. २०१८ मध्ये जेम्स डायसन पुरस्कारासाठी त्याचा अर्ज राष्ट्रीय टप्प्यातच अडला होता. त्याने काम सुधारून पुन्हा अर्ज केला आणि २०२० मध्ये त्या पुरस्काराचा शाश्वततेचा पहिला जागतिक मान त्याला मिळाला. वडिलांचा यावर विश्वास बसला की नाही ते माहीत नाही; परीक्षा संपल्यावर बघू, एवढी तडजोड झाली.

सध्या गाळणीचे अंग स्टीलचे आहे, पिशवी बदलता येते, आणि ती आधीपेक्षा जास्त घरांत लागली आहे. दर महिन्याला ती प्रत्येक घराला तीनच प्रश्न विचारते : लाल चकती किती वेळा वर आली, पिशवी शेवटची कधी रिकामी केली, आणि ती नळाखाली धरली का. पुढच्या अर्जासाठी तिने तक्ता तयार केला आहे. त्यात गाळणी काढून टाकलेल्या घरांचा रकाना पहिला आहे आणि टक्केवारीचा शेवटचा.